शहीद द्वीपावरील बांबूच्या झोपड्या

लहान मुलांसह अंदमानातील शहीद द्वीपावर (पूर्वीचे नील) बांबूच्या झोपडीत राहावे की वातानुकूलित खोलीच घ्यावी, असा प्रश्न एकाने विचारला आहे. आम्ही फेब्रुवारीत तेथे चार रात्री झोपडीत राहिलो होतो आणि पुन्हा गेलो तरी झोपडीच घेऊ.

खांबांवर उभारलेली जमीन, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि पानांनी शाकारलेले छप्पर यांमधून वारा सतत खेळत राहतो, त्यामुळे वीज गेली तरी सिमेंटच्या खोलीसारखे गुदमरायला होत नाही. मात्र त्याच फटींतून डास, पाली आणि मुंग्याही येतात, म्हणून मच्छरदाणी धड आहे का, हे सामान ठेवण्यापूर्वीच पाहावे. आमच्या मच्छरदाणीला कोपऱ्यात बोटभर भोक होते. ते शिवेपर्यंत धाकटीचा हात सुजला होता. किनाऱ्यावरील वाळूमाश्यांचा चावा तर कित्येक दिवस खाजतो.

तेथे हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळत असल्याने विजेरी जवळ असावी. जेवणाची चिंता नको. पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या शेतकरी कुटुंबांमुळे या बेटावर भाजीपाला भरपूर पिकतो, आणि आमच्या मालकीणबाई रोज संध्याकाळी परसातली वांगी खुडून आणत, ती मोहरीच्या तेलात परतल्यावर वास थेट झोपडीपर्यंत येई. पावसाळ्यात मात्र मुलांना घेऊन झोपडीत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.