माणूस आणि बॅग एकत्र काट्यावर का नाही?

पाचपाखाडीकर: गेल्या रविवारी लेकीकडे बंगळुरूला गेले. बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, कुरडया आणि तिने खास मागवलेला पोळपाट, सगळं मिळून १८ किलो, लिमिट १५. काउंटरवरची मुलगी म्हणे तीन किलोचे पैसे भरा नाहीतर सामान काढा, मग काय रांगेतल्या सगळ्यांसमोर बॅग उघडून बसले, कुरडयांचा चुरा झाला तो वेगळाच आणि शेवटी भरलेच पैसे. माझं स्वतःचं वजन ५१, म्हणजे बॅगेसकट ६९. माझ्या मागचे गृहस्थ एकटेच शंभरीपार असतील, पण बॅग १४ भरली म्हणून आरामात पुढे. विमानाला किलो तो किलोच ना? मग माणूस आणि सामान एकत्र तोलून तिकीट का नाही लावत? भांडायला नाही आले, खरंच विचारतेय.

घणसोली_नाइटशिफ्ट: ताई, मी लोडशीटचं, म्हणजे विमानात एकूण किती वजन चढतं त्या हिशेबाचं, काम करतो म्हणून सांगतो. तुमचं वजन आम्ही धरतोच, फक्त तुमचं म्हणून नाही धरत, मोठ्या माणसाला एक ठरलेला सरासरी आकडा, लहान मुलाला वेगळा, गुणिले किती डोकी, झालं. एअरबस ए३२० विमानाचं टेकऑफचं कमाल वजन ७८ टनांच्या आसपास, त्यात १८० माणसं, कोणी जाड कोणी बारीक, फिटंफाट होते. तुमच्यात आणि त्या काकांच्यात पन्नास किलोचा फरक असला तरी तेवढ्याने जळणारं इंधन तिकिटापुढे चिल्लर आहे.

सरासरी मात्र बरोबर लागते हां. २००३ मध्ये अमेरिकेत शार्लटला एअर मिडवेस्टचं १९ सीटर उडता उडता पडलं, २१ जण गेले. एलेव्हेटरची, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीतल्या पट्टीची, केबल चुकीची बसवलेली होतीच, पण विमान जडही होतं, कागदावरचे आकडे जुने आणि माणसं तोवर वाढलेली. म्हणून काही एअरलाइन मधूनमधून खरंच लोकांना काट्यावर उभं करतात, एअर न्यूझीलंडने २०२३ ला केलं, फिनएअरने २०२४ ला, पण ज्याची इच्छा असेल त्यालाच आणि भाड्याशी संबंध शून्य.

बॅग वेगळी कारण ती कोणीतरी हाताने उचलतो. ३२ किलोवरची एक बॅग घेत नाहीत ती लोडरच्या कंबरेपायी. बाकी तुमच्या तीन किलोचे पैसे? तो धंदा आहे, उगाच कशाला लपवू.

कळव्याचा_भीम: मी ते मागचे गृहस्थ नाही पण असू शकलो असतो, ११२ किलो. तुम्हाला तीन किलोचं लागलं ना रांगेत, मला दर वेळी एअर होस्टेसला हळूच बोलवून बेल्टचं एक्स्टेन्शन मागावं लागतं आणि ती ते सगळ्यांना दिसेल असं घेऊन येते. मसाला तुम्ही काढून ठेवू शकता, मी काय काढू, थायरॉइड? खरी अडचण किलोची नाहीच, सतरा-अठरा इंचांच्या सीटची आहे, मी दोन तास खांदे आखडून बसतो आणि शेजारचा तरी वैतागतोच. कॅनडात २००८ च्या निकालाने, लठ्ठपणामुळे एका सीटवर बसणं शक्यच नसेल तर देशातल्या देशात मोठ्या एअरलाइनना दुसरी सीट फुकट द्यावी लागते. आपल्याकडे दोन तिकिटं काढा आणि गप्प बसा.

वाशी_सेक्टर१७: छोट्या मशीनला किलो तो किलोच असतो पण. केदारनाथच्या हेलिकॉप्टरला आम्हाला एकेक करून काट्यावर चढवलं, ऐंशीच्या वर किलोमागे जादा पैसे, सासरेबुवांनी स्वेटर काढून बघितला तरी ८४. तिथे कोणाला अपमान वाटला नाही कारण पाचसहा जणांत एकाचं वजन खरंच जाणवतं. सामोआ एअरनेही २०१३ ला किलोवर भाडं लावलेलं, त्यांचीही विमानं इवलीशीच.

पाचपाखाडीकर: भीमदादा, सॉरी, माझा राग काउंटरवर होता आणि काढला तुमच्यावर. हेलिकॉप्टरचं पटलं. पण तीन किलोला इतके पैसे हे अजून पटत नाही, आणि घणसोलीवाले म्हणतायत तसा धंदाच असेल तर पुढच्या वेळी घरूनच मोजून निघेन. तो बॅगेला अडकवायचा काटा कुठे मिळतो?

वाशी_सेक्टर१७: ठाण्यात आहात ना, जांभळी नाक्यावर बघा. पन्नास किलोपर्यंत मोजतो.

कळव्याचा_भीम: पन्नासपर्यंतच? मग मी सुटलो.

पाचपाखाडीकर: मी पण, एका किलोने 😄