जपानी मेपलची छाटणी केव्हा करावी?

प्रश्न: न्यू जर्सीतील आमच्या अंगणात जपानी मेपल आहे. मार्चमध्ये एक फांदी कापली, तर दोन दिवस जखमेतून पाणी ठिबकत राहिले. माझे चुकले का?

उत्तर १: एवढ्याने झाड मरत नाही, निश्चिंत राहा, मात्र रस चढत असताना कापण्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये, पाने पूर्ण वाढून पक्की झाल्यावर छाटणी करावी. वाळलेली फांदी केव्हाही काढता येते.

उत्तर २: फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, किंचित फुगलेली कड असते, ती शाबूत ठेवून लगेच बाहेर कापावे, कारण जखम तिथूनच भरून येते. वर रंग लावू नये. आणि कृपा करून शेंडे सरसकट कापून झाडाचा गोल चेंडू करू नका.

प्रश्नकर्ता: कड आताच पाहिली, मी तीही कापली होती. उरलेल्या फांद्यांना जुलैपर्यंत हात लावणार नाही.