पंप केसिंगची आयजेस फाइल: एसटीएल काढताना सरफेस फाटतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावला उद्यमबागेत एका पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचा वाळूचा साचा पाडायला लागणारे नमुने करतात तिथं) कॅडचं काम बघतो. आमच्याकडं आत्तापर्यंत पॅटर्न सागवानात नायतर ॲल्युमिनियममध्ये व्हायचे, आता नमुन्याचे एक-दोनच नग पाहिजे असले की थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न काढून फौंड्रीला देतो, आणि तिथंच गाडी अडलीय.

एका गिऱ्हाइकानं पंपाच्या व्हॉल्यूट केसिंगची (पंपाचं शंखासारखं बाहेरचं कवच) फाइल पाठवलीय, आयजेस या जुन्या कॅड फॉरमॅटमध्ये. त्यापेक्षा नवा स्टेप फॉरमॅट मागितला तर म्हणाले काम जुनं आहे, ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं ते आता आमच्याकडं नाही, आहे ते हेच. फ्रीकॅडमध्ये उघडली की स्क्रीनवर चांगली दिसते पण ट्रीमध्ये बघितलं तर सॉलिड असं काहीच नाही, नुसते 214 सुटे फेस, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे. पयल्यांदा तर केसिंग 11 मिमीची दिसायली होती, हेडरमध्ये युनिट चुकीचं पडलेलं, 25.4 नं गुणल्यावर 280 मिमी बरोबर आलं, ते एक मिटलं.

खरी अडचण पुढं आहे. थेट मेश (त्रिकोणांची जाळी) करून प्रिंटरसाठीची एसटीएल फाइल काढली तर स्लायसर (तिचे प्रिंटसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) म्हणतोय हजारो एज, म्हणजे कडा, उघड्या आहेत, आणि प्रिव्ह्यूमध्ये मधल्या काही लेयर आरपार रिकाम्याच येतात. मला वाटलं मेश जाड पडतेय म्हणून डेव्हिएशन (मेश मूळ आकारापासून किती मिमी हटली तरी चालेल ते) 0.1 वरनं 0.01 केलं, तर त्रिकोण झाले 20 लाख, फाइल 100 एमबीची, आणि उघड्या एज कमी व्हायच्या सोडून वाढल्या. मग मेशलॅबमध्ये होल बुजवून बघितले. लहान फटी बुजल्या पण व्हॉल्यूटच्या जिभेपाशी, म्हणजे पाणी जिथं फुटून डिलिव्हरीकडं वळतं तिथं, त्यानं सपाट पडदाच ओढून टाकला, गोलाई सगळी गेली. ती जीभ चुकली तर पंपाचं डिस्चार्जच बसणार नाही, म्हणून तसंच पुढं ढकलायला माझं मन होईना.

फेस स्टिच करायचा, म्हणजे कडेला कड शिवून जोडायचा, पण प्रयत्न केला. टॉलरन्स 0.001 ला काहीच जुळत नाही, 0.05 ला बऱ्यापैकी जुळतंय, आणि 0.5 ला सगळं बंद होतंय पण बारीक फिलेट (कोपऱ्यांच्या गोलाया) गायब होतायत. चेक जॉमेट्री लावली की जिभेजवळच्या तीन फेसवर एरर, वायर स्वतःलाच छेदतेय म्हणून. तीन-चार फेस उलट्या तोंडाचे पण आहेत.

आमचे मिस्त्री मामा म्हणतायत फाइल सोड, जुनी केसिंग आणून दे, मी मोजून लाकडात करतो. ते करतीलच, हात आहे त्यांचा, पण या आठवड्यात त्यांच्याकडं दुसरी दोन कामं आहेत आणि फौंड्रीचा मोल्डिंगचा दिवस शनिवारी आहे. कुणी अशी फाइल सरळ केली असेल तर क्रम सांगा, आधी काय, मग काय. सॉफ्टवेअर फ्रीकॅडच आहे, विकतचं घेण्यासारखी परिस्थिती आत्ता नाही.

प्रतिसाद, निपाणीहून:
दादा, मेश बारीक करून काय होणार नाही, उलट होतंय ते बरोबरच आहे. फेस सुटे असले की प्रत्येक फेस आपापल्या कडेवर आपले वेगळे बिंदू टाकतो, शेजारच्याचे बिंदू त्याला जुळत नाहीत, त्यामुळं दोन सरफेस तंतोतंत चिकटलेले असले तरी मेशमध्ये फट पडते. जितकी बारीक मेश तितके जास्त न जुळणारे बिंदू. स्टिच झालं की मधली कड एकच होते, बिंदू एकदाच पडतात, मग दोन्हीकडचे त्रिकोण आपोआप जुळतात. म्हणून दुरुस्ती सरफेसवरच करायची, मेशवर नाही. टॉलरन्स 0.05 च्या वर जाऊ नका. त्यात जे जुळणार नाही ते फेस मुळातच खराब आहेत, ते काढून नवीन करायचे. सरफेस वर्कबेंचमध्ये फिलिंग आहे, तिथं चारी बाजूच्या एज निवडा आणि शेजारचा फेस सपोर्ट म्हणून द्या, कंटिन्युइटी टँजंट ठेवा, म्हणजे सपाट पडदा न येता शेजारच्या गोलाईला धरून फेस येतो. डेव्हिएशन परत 0.1 करा, 0.2 च्या लेयरला ते भरपूर झालं.

प्रतिसाद, मच्छेहून:
वरचं सगळं बरोबर, पण मला एक विचारायचंय, पॅटर्नला आतली बाजू पाहिजेच कशाला? पोकळी तर कोअरनं, म्हणजे साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्यानं, पडणार. बाहेरचे फेस वेगळे करा, फ्लँजची तोंडं सपाट फेसनं बंद करा, त्यावर कोअर प्रिंट (साच्यात कोअर टेकायला जागा पाडणारे खुंट) वाढवा, तुमचा पॅटर्न झाला. जीभ आतल्या बाजूला आहे, ती कोअर बॉक्सच्या (कोअर पाडायच्या साच्याच्या) वाट्याला जाते, तिथं निवांत बसून ते तीन फेस करा. मशिनिंग अलाउन्स (मशिनवर काढायला ठेवायची जादा जाडी) आणि ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतनं सुटायला दिलेला उतार) द्यायचा तो सॉलिड झाल्यावर, आणि ग्रे आयर्नची 1 टक्का आकसणी सगळ्यात शेवटी, पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोघांनाही सारखीच, नायतर कोअर बसणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसलो. बाहेरचे 90 फेस वेगळे केले, त्यात एकही खराब नव्हता, 0.05 ला एका फटक्यात शेल बंद झाला आणि सॉलिड पण झालं, उलटे फेस स्टिचिंगमध्ये आपोआप सरळ झाले. एसटीएलमध्ये एकही उघडी एज नाही, फाइल 6 एमबी. पॅटर्न आत्ता प्रिंटरवर चढलाय.

आतल्या बाजूला जिभेचे तीन फेस काढले, फिलिंगनं दोन बसले, तिसरा सुरकुत्या पडून यायलाय. तिथं एक कड 0.2 मिमीची आहे, इतक्या बारक्या कडेमुळंच होत असणार असं वाटतंय.

प्रतिसाद, निपाणीहून:
हो, त्या बारक्या कडेमुळंच. तिच्या शेजारचा फेस पण काढा आणि दोघांच्या जागी मिळून एकच फेस भरा.

मूळ प्रश्नकर्ता:
झालं! एकच फेस घेतला तर एकदम गुळगुळीत आला. खात्री करायला बाहेरच्या सॉलिडमधनं आतलं वजा केलं, अलाउन्स न देता, तर व्हॉल्यूम 1.66 लिटर, ग्रे आयर्नच्या घनतेनं, 7.2 नं, गुणलं की 11.95 किलो, आणि गिऱ्हाइकाकडनं आणलेली मशिनिंग झालेली जुनी केसिंग काट्यावर 12.1 भरली. मामांनी जिभेची त्रिज्या गेजनं जुन्या नगावर तपासली आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी लावून बघितली, म्हणाले चालतंय. कोअर बॉक्स उद्या सकाळी प्रिंटला लावतो, शनिवारी कास्टिंग निघालं की जिभेपाशी कापून भिंतीची जाडी मोजतो आणि आकडे इथंच टाकतो.