बाबांच्या फाईलमधला १८ चा आकडा: छातीतल्या ग्राफ्टचा फ्लो कमी आहे का?

मानेवाड्याची लेक
बाबा ६७ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी इथेच नागपुरात बायपास झाली, बीटिंग हार्ट (म्हणजे हृदय न थांबवता), तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्ताच्या नळ्या). तब्येत बरी आहे, कॉलनीत दोन चकरा मारून राहिलेत. खरं तर प्रश्न त्यांचाच आहे. चाळीस वर्षं कळमन्यात संत्र्याची अडत केली, काटा स्वतः पाहिल्याशिवाय आकडा मानत नाहीत. फाईलमध्ये ऑपरेशनच्या वेळी ग्राफ्टमधला रक्ताचा फ्लो मोजणाऱ्या मशीनचा कागद सापडला (लिमा म्हणजे छातीतली नळी, व्हेन म्हणजे शीर; एलएडी, ओएम, पीडीए या हृदयाच्या नसा):

लिमा ते एलएडी: १८ मिली/मिनिट, पीआय २.४, डीएफ ७१ टक्के
व्हेन ते ओएम: ४६, पीआय १.९, डीएफ ६४
व्हेन ते पीडीए: ३३, पीआय २.२, डीएफ ५८

तेव्हापासून एकच धोशा. "छातीतली नळी सगळ्यात चांगली म्हणतात ना, मग तिच्यातच माल कमी काऊन?" ओपीडी १२ दिवसांनी आहे. तोवर हा कागद उशाखाली.

पंपवाला
ताई, मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसाचं मशीन चालवणारा. हे आकडे रोज ऐकतो, सर्जन मोठ्यानं म्हणतात आणि आम्ही लिहितो. बाबांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द सर्जनचाच.

ग्राफ्टभोवती छोटा चिमटा बसवतात, त्याला प्रोब म्हणतात. तो अल्ट्रासाउंड लहरी रक्ताच्या दिशेनं पाठवतो आणि उलट दिशेनंही. प्रवाहासोबतची लहर जरा लवकर पोचते. त्या वेळेच्या फरकावरून मिनिटाला किती मिली रक्त जातं ते निघतं.

पण नुसता मिलीचा आकडा म्हणजे गाडीत किती पेट्या एवढंच, आतला माल कसा ते नाही. म्हणून पीआय. लाटेचा सगळ्यात वरचा आकडा वजा सगळ्यात खालचा, भागिले सरासरी. समजा वर ४२, खाली उणे २: ४४ भागिले १८, आलं २.४. पुढे वाट बंद असेल तर रक्त आपटून मागे येतं, सरासरी खाली जाते आणि पीआय फुगतो. फ्लो वीसच्या खाली आणि पीआय पाचच्या वर, अशी जोडी दिसली की आम्ही सावध होतो. बाबांचा पीआय अर्ध्यावरही नाही.

डीएफ म्हणजे हृदय सैल पडताना किती टक्के रक्त गेलं. आकुंचन पावताना हृदय स्वतःच्याच नसा दाबतं, म्हणून डाव्या बाजूला बहुतेक रक्त सैल पडतानाच भरतं. ७१ छानच आहे.

मग १८ का? टाकीत दोन नळ सोडा, एक कॉर्पोरेशनचा, एक बोअरचा. कॉर्पोरेशनचं पाणी जोरात असेल तर बोअरचं कमी शिरतं. एलएडीतला अडथळा पूर्ण नसेल तर लिमाचं तसंच होतं. शिवाय मोजताना बीपी खाली असेल, लिमा आखडलेली असेल किंवा पुढची नस बारीक असेल, तरी आकडा उतरतो.

वर्धा रोड
माझ्या आईच्या वेळी असं काही मोजलंच नव्हतं. सर्जननी बोट लावून ठोका पाहिला म्हणे. आई ठणठणीत आहे. उगाच कागद वाचत बसू नये.

पंपवाला
आई ठणठणीत आहेत हे उत्तमच. पण बोटाचं ऐकू नका हो. पुढे बंद असलेल्या ग्राफ्टमध्येही ठोका लागतो, फसवणारी गोष्ट आहे ती. एकदा आमच्याकडे व्हेनचा फ्लो ६ आणि पीआय ९ आला, ठोका मात्र मस्त. हृदय जागेवर ठेवल्यावर नळी लांब पडून मुरडली होती. सर्जननी तिथेच दुरुस्त केली, मग आकडा ३८. न मोजता छाती बंद केली असती तर? युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हे नेहमी मोजण्याचा विचार करावा असं आहे. सगळीकडे मोजत नाहीत, कारण मशीन महाग आणि प्रोबही ठराविक वापरांनंतर बदलावे लागतात.

एक मात्र खरं. हा आकडा त्या दिवसाचा. दहा वर्षांनी ग्राफ्ट कसा असेल ते त्यातून कळत नाही, आणि थोडा अरुंदपणा मशीनलाही निसटतो. छातीत दुखलं, दम लागला तर ओपीडीची वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा.

मानेवाड्याची लेक
वाचून दाखवलं. पेट्यांचं उदाहरण लगेच पटलं, बोअरवर मात्र वाद घातला. मग स्वतःच प्रश्न लिहून घेतले: एलएडीत अडथळा किती टक्के होता, मोजताना बीपी किती होतं, लाटेचं चित्र मिळेल का. चौथा प्रश्न तर्री पोह्यांचा होता. तो मी खोडला.