ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळून तीन वर्षे झाली, तरी फ्लॅटचा भाव का उतरत नाही?

ठाणेकर: घोडबंदर रोडवरील एका संकुलात आम्ही टू बीएचके पाहत आहोत. ओसी मिळून तीन वर्षे उलटली, तरी तेथील बरेच फ्लॅट रिकामे आहेत. आम्हाला दाखवलेल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडकीशी ओल आली आहे आणि नळांवर क्षार साचले आहेत. तरीही चौरस फुटामागचा भाव जराही कमी करायला बिल्डर तयार नाही. पडून राहिलेला माल कोणताही व्यापारी भाव पाडून मोकळा करतो, मग हे असे अडून का बसतात?

हिशेबनीस: प्रकल्पावर कर्ज असेल, तर न विकलेले फ्लॅट बँकेकडे तारण असतात, प्रत्येक विक्रीला तिचे ना हरकत पत्र लागते आणि ठरलेल्या किमान दराखाली ते मिळणे कठीण असते. त्याहून मोठी अडचण रेडीरेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या दरांची आहे. त्या दरांनी येणारे सरकारी मूल्य करारातील किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक असेल, तर बिल्डरला सरकारी मूल्य हीच विक्रीची किंमत धरून आयकर भरावा लागतो आणि फरकाची रक्कम तुमचेही उत्पन्न मानली जाते. कोविडच्या काळात, नोव्हेंबर 2020 ते जून 2021, दोन कोटींपर्यंतच्या घरांच्या पहिल्या विक्रीसाठी ही मर्यादा 20 टक्के केली होती, ती पडून असलेली घरे विकली जावीत म्हणूनच.

जुनी रहिवासी: आधीचे खरेदीदारही कारण असतात. आमच्या संकुलात भाव उतरल्याची कुणकुण लागताच लोकांनी विक्री कार्यालयात ठाण मांडले होते. त्यामुळे कागदावरचा भाव तसाच राहतो आणि सूट मुद्रांक शुल्क किंवा मॉड्युलर किचनच्या रूपाने दिली जाते. हे मला अन्यायाचे वाटते, कारण खरा भाव कोणालाच कळत नाही.

सदाशिव पेठ: निदान नोंदलेला भाव तरी कळू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या कराराचा गोषवारा, पाहावी आणि तोच आकडा पुढे ठेवून बोलावे. ओसीनंतरच्या विक्रीवर जीएसटी लागत नाही, तेव्हा तो मागितल्यास देऊ नये. शिवाय बांधकाम पूर्ण झाल्याचे आर्थिक वर्ष संपल्यावर दोन वर्षांनी, रिकाम्या फ्लॅटच्या मानीव (न मिळताही मिळाले असे धरलेल्या) भाड्यावर बिल्डरला कर बसतो, म्हणजे घाई त्यालाही आहे. ओलीची दुरुस्ती मात्र ताबा घेण्यापूर्वी लेखी करून घ्यावी. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत दिसलेले बांधकामातील दोष त्याने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असतात.