पहिलं दहिवर पडायच्या आत बागेची तयारी: काय झाकायचं, काय काढायचं, काय आत न्यायचं?

प्रश्न – नवीवाफ

शरद संपत आलाय. हवामानाच्या अंदाजात आठ-दहा दिवसांनी रात्रीचं किमान तापमान ३ ते ४ अंश दिसतंय, आकाश निरभ्र. वाफ्यात टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, घेवडा आणि थोडा पालक आहे. कडेला डेलिया, ग्लॅडिओलस, निशिगंध आणि चार गुलाब. कुंड्यांमध्ये लिंबू, जिरेनियम, बेसिल. टोमॅटोवर हिरवी फळं लगडलीत आणि शेंड्याला अजून फुलंही येतायत.

१) तापमान शून्याच्या वर असताना दहिवर (गोठलेलं दव) पडतं का?
२) झाकायला प्लॅस्टिक आहे आणि जुन्या चादरी आहेत. कोणतं चांगलं?
३) बुडाशी पालापाचोळा आत्ता घालायचा की नंतर?
४) रात्री झाडांवर पाणी फवारलं की दहिवर लागत नाही, हे खरं का?
५) कंद कधी काढायचे?

प्रतिसाद १ – ओलमाती

पडतं. अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतात, त्यामुळे गवताच्या उंचीवर २ ते ४ अंश जास्त गारठा असतो. वर ३ अंश असतील तेव्हा खाली पानावर शून्य किंवा उणे एक सहज होतं. ढग आले किंवा वारा सुटला की हा फरक जवळजवळ संपतो. म्हणून आकड्याइतकंच आकाश आणि वारा पाहा.

अंदाजात दवबिंदूही पाहा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. संध्याकाळी तो ४-५ अंशांवर असेल तर रात्री दव पडताना सुटणारी उष्णता तापमानाची घसरण धरून ठेवते. दवबिंदू उणे तीन-चार असेल तर हवा कोरडी आहे, पारा सरळ खाली जातो. अशा रात्री पांढरा थर दिसतही नाही, पण सकाळी दहापर्यंत पानं उकडल्यासारखी मऊ होऊन काळी पडतात. पांढरं दिसलं नाही म्हणून बचावलो असं समजू नका. बर्फ पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशीची पडदी फाटली की पान गेलं.

आता झाकण्याबद्दल. पांघरूण स्वतः ऊब देत नाही. दिवसभर तापलेली माती रात्री जी उष्णता सोडते तीच ते अडवून धरतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. कापड जमिनीला टेकलंच पाहिजे आणि कडेने विटा किंवा माती लावून बंद केलं पाहिजे. झाडाच्या डोक्यावर चादर टाकून खोडाला सुतळीने आवळणं ही नेहमीची चूक आहे, त्याने मातीची ऊब बाहेर राहते आणि आत फक्त गार हवा कोंडते.

कापड ऊन उतरायच्या आत, म्हणजे सूर्यास्ताच्या तासभर आधी घाला. अंधार पडेपर्यंत मातीतली बरीच ऊब निघून गेलेली असते.

प्लॅस्टिक पानाला चिकटलं की नेमकं तिथेच पान करपतं, कारण आतून ओल धरते आणि रात्री आकाशाकडे जाणारी उष्णता प्लॅस्टिक फारशी अडवत नाही. वापरायचंच असेल तर बांबू किंवा तारेच्या कमानीवर ताणा, पानापासून किमान ५ सेंमी दूर. चादर चालते, पण ओली झाली की जड होते आणि ऊबही धरत नाही. तिलाही काठ्यांचा आधार द्या. सगळ्यात सोयीचं म्हणजे शेतीसाठी मिळणारं पांढरं न विणलेलं कापड. चौरस मीटरला १७ ग्रॅमचं साधारण १ ते २ अंश वाचवतं, ३० ग्रॅमचं ३ अंशांच्या आसपास. पातळ कापड दोन-तीन दिवस तसंच राहिलं तरी चालतं. प्लॅस्टिक मात्र सकाळी ऊन चढायच्या आत काढा, नाहीतर थंडीतून वाचलेली रोपं दुपारी उकडून जातील.

माती कोरडी असेल तर एक-दोन दिवस आधी, सकाळी, वीतभर खोलपर्यंत भिजेल असं पाणी द्या. ओल्या मातीत उष्णता जास्त साठते आणि खालून वर लवकर येते, कोरडी भुसभुशीत माती हवा भरलेल्या गादीसारखी असते. चिखल नको, वाफसा (ओलसर पण मोकळी माती) हवा. याच कारणाने या आठवड्यात खुरपणी करून माती मोकळी करू नका.

प्रतिसाद २ – शेंडाखुड

पालापाचोळ्याबद्दल सहसा उलटा सल्ला मिळतो, म्हणून नीट लिहितो. टोमॅटो-मिरचीच्या बुडाशी आत्ता ८-१० सेंमी पाला घातला तर माती आणि झाड यांच्यामध्येच पांघरूण आलं. मातीची ऊब खालीच अडते आणि पाल्याच्या वरची हवा उघड्या मातीवरच्या हवेपेक्षा जास्त गार होते. वाफ्यात आधीच आच्छादन असेल तर दहिवराच्या रात्रीपुरतं बाजूला सारा. गुलाब आणि वर्षानुवर्षं जागेवर राहणारी झाडं यांना पाला हवाच, पण दोन-चार दहिवरं होऊन माती थंड झाल्यावर. तो मातीची ऊब धरण्यासाठी नसतो, माती पुन्हा पुन्हा गोठणं-वितळणं टाळण्यासाठी असतो. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते आणि उंदीर घर करतात.

गुलाबाला नत्राचं खत दहिवराच्या सहा-आठ आठवडे आधीच बंद व्हायला हवं होतं. आता अजिबात देऊ नका आणि छाटूही नका. छाटणीने कोवळी फूट येते आणि ती पहिल्याच रात्री जाते. वाळलेली फुलंही खुडू नका, फळं धरू द्या, झाड आपोआप वाढ आवरतं. वाऱ्याने हलणाऱ्या फार लांब फांद्या तेवढ्या थोड्या आखूड करा. कडाक्याची थंडी सुरू झाली की बुडाशी २०-२५ सेंमी मातीचा ढीग घाला, कलमाची गाठ झाकली गेली पाहिजे.

टोमॅटोचा शेंडा आजच खुडा आणि सगळी फुलं व सुपारीएवढी फळं काढून टाका. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सहा-सात आठवडे लागतात, थंडीत आणखी जास्त. एवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. झाडाची ताकद मोठ्या फळांकडे वळू द्या.

कोणतं हिरवं फळ घरात पिकेल हे ओळखायची पद्धत: पूर्ण आकाराचं, तुकतुकीत, बुडाशी किंचित पांढुरकं झालेलं एक फळ आडवं चिरा. बियांभोवती चिकट गर धरला असेल आणि बी सुरीखाली न कापता सरकत असेल तर तशी दिसणारी सगळी फळं पिकतील. बी कापलं गेलं तर ती अजून कच्ची, त्यांचं लोणचं किंवा चटणी करा. पिकण्याजोगी फळं १८ ते २१ अंशांत, एका थरात, एकमेकांना न टेकवता अढी घाला. उन्हाची गरज नाही. सोबत एक पिकलं केळं ठेवलं की लवकर रंग धरतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. झाडावरही सलग काही दिवस १० अंशांखाली राहिलेली फळं नीट पिकत नाहीत, चव येत नाही आणि डाग पडून सडतात. म्हणजे दहिवराची वाट न पाहता, गार रात्री सलग लागल्या की तोडा.

मिरची आणि वांगी टोमॅटोपेक्षाही नाजूक. घेवडा वाचवण्याच्या मागे लागू नका, शेंगा काढा आणि वेल बुडातून कापा, मुळं मातीत राहू द्या. पालक मात्र झाकूच नका. गारव्यात त्याच्या पानांत साखर वाढते, हलकं दहिवर पडल्यावर तो जास्त गोड लागतो. फक्त गोठलेली पानं तोडू नका, दुपारी सैल झाल्यावर तोडा.

प्रतिसाद ३ – कंदपेटी

तिन्ही कंदांची वेळ वेगळी आहे.

निशिगंध आधी काढा, दहिवर पडायच्या अगोदर. त्याला थंड ओली माती सोसत नाही. पानं कापा, माती झाडा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि १२-१५ अंशांत कोरडे ठेवा.

ग्लॅडिओलस पानं पिवळी पडायला लागली की काढा, साधारण फुलं संपल्यावर सहा आठवड्यांनी. दांडा कंदापासून २-३ सेंमी वर कापा. पंचवीसेक अंशांत, खेळत्या हवेत दोन-तीन आठवडे सुकवले की खालचा सुकलेला जुना कंद हाताने सहज सुटतो. तो टाका. सुटत नसेल तर अजून सुकलेलं नाही. बाजूच्या बारीक कंदुल्या ठेवा, त्यांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. जाळीच्या पिशवीत ४-७ अंशांत ठेवा.

डेलियाची घाई करू नका. पहिल्या दहिवराने पानं काळी पडू द्या, मातीखालच्या कंदांना त्याने काही होत नाही. मग दांडा १०-१५ सेंमी ठेवून कापा आणि चार-सहा दिवस तसेच राहू द्या, तेवढ्यात डोळे (कोंब फुटायच्या जागा) फुगून दिसायला लागतात. जमीनच गोठणार असा अंदाज असेल तर मात्र थांबू नका. खणताना दांड्यापासून हातभर दूरून गोल माती सैल करा आणि काट्याने खालून उचला. दांडा धरून ओढलं की कंदाची मान मोडते. डोळा मानेच्या वर, दांड्याच्या बुडाशी असतो, म्हणून मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्याला कोंब येत नाही. डेलियाचा दांडा पोकळ असतो आणि त्यात पाणी साचून गाभा कुजतो, त्यासाठी तीन-चार दिवस उलटे ठेवा. मग ४-८ अंशांत, जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये. मूठ आवळली तर पाण्याचा थेंब येता कामा नये. महिन्यातून एकदा उघडून पाहा: सुरकुतले असतील तर हलका फवारा, बुरशी असेल तर तेवढा भाग कापून दोन दिवस उघडे ठेवा.

लेबल दहिवराच्या आधीच बांधा. पानं काळी पडल्यावर कोणता रंग कुठला हे ओळखता येत नाही.

नवीवाफ

सगळ्यांचे आभार. शेंडे आजच खुडतो. दोन गोष्टी राहिल्या: पाणी फवारणं, आणि कुंड्या. शिवाय एखाद्या झाडाला दहिवर लागलंच तर सकाळी काय करायचं?

प्रतिसाद ४ – ओलमाती

फवारणीमागचं तत्त्व खरं आहे. १ लिटर पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं. पण तेवढ्याच पाण्याची वाफ होताना त्याच्या साडेसात पट उष्णता खेचली जाते. म्हणून तापमान शून्यावर यायच्या आधीपासून सकाळी बर्फ वितळेपर्यंत एक क्षणही न थांबता पाणी चालू ठेवावं लागतं. मोठ्या फळबागांत त्यासाठी तुषार सिंचनाची खास व्यवस्था असते. घरी रात्री एकदा पाणी मारून झोपलात तर नुसती ओली पानं जास्त गार होतील. ते करू नका. धुराचाही उपयोग नाही, जमिनीतून निघणारी उष्णता धूर अडवत नाही.

पाण्याचा उपयोग करायचाच असेल तर भरलेल्या बादल्या किंवा कॅन दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी पांघरुणाच्या आत रोपांजवळ सरकवा. १० लिटर पाणी १५ अंशांवरून शून्यापर्यंत येताना साधारण ६३० किलोज्यूल उष्णता आतच सोडतं.

प्रतिसाद ५ – शेंडाखुड

कुंड्यांत मुळं जास्त धोक्यात असतात. जमिनीत मुळांना चहूबाजूंनी मातीची ऊब असते, कुंडी मात्र बाजूंनीही गारठते. बेसिल रात्री १० अंशांच्या खाली जायच्या आत घरात न्या, दहिवराची वाट पाहिलीत तर पानं आधीच काळी पडतील. जुनं झाड नेण्यापेक्षा १० सेंमीचे शेंडे पाण्यात लावा, आठ-पंधरा दिवसांत मुळं येतात. जिरेनियमचे शेंडे पाण्यात नको, पेराखाली कापून काही तास सुकू द्या आणि वाळूमिश्रित मातीत लावा. लिंबू ८-१० अंशांच्या रात्री सुरू झाल्या की आत.

न्यायच्या आधी आठवडाभर सावलीत ठेवा. एकदम उन्हातून खोलीत आणलं की लिंबू पानं गाळतं. पानं गळाली म्हणून पाणी वाढवू नका, पानं कमी म्हणजे तहानही कमी. पानांच्या मागे पिठ्या ढेकूण, खवले कीड, लाल कोळी आहे का ते पाहा. लिंबाच्या पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेले तपकिरी ठिपके नखाने निघाले तर ती खवले कीड. लिटरला ५ मिली सौम्य द्रव साबण घेऊन पानांच्या दोन्ही बाजू धुवा, आठवड्याने पुन्हा. दोन आठवडे घरातल्या इतर झाडांपासून लांब ठेवा.

बाहेर राहणाऱ्या कुंड्या दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी, एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा. खाली विटेचे तुकडे द्या म्हणजे पाणी निघून जाईल. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, मातीच्या कुंड्या त्यानेच तडकतात. रबरी नळी आणि ठिबकचा फिल्टरही रिकामा करून ठेवा.

दहिवर लागलेल्या झाडाला सकाळी हात लावू नका, हलवून बर्फ झाडू नका, गरम पाणी तर नकोच. सकाळचं थेट ऊन पडत असेल तर कापडाची सावली धरा, सावकाश वितळू द्या. मिरची-वांग्याची काळी पडलेली रोपं काढून टाका. लिंबू किंवा गुलाबाच्या करपलेल्या फांद्या मात्र वसंतापर्यंत तशाच राहू द्या, मेलेली पानंही आतल्या फांदीला थोडं झाकतात. तेव्हा नखाने साल खरवडून पाहा. खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली येत जा आणि तिथे कापा.