कंपनी वाचवायची की मालक?

बुडणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सरकारने पैसा देऊन वाचवावं का, या प्रश्नावर 'बुडू द्या, बाजारच धडा शिकवेल' असं बरेच जण म्हणतात. तत्त्व म्हणून मान्य, पण कंपनी वाचवणं आणि तिचे मालक वाचवणं यांत गल्लत होतेय. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने जनरल मोटर्स या मोटार कंपनीत पैसा ओतला, तेव्हा कंपनी रीतसर दिवाळखोरीतून गेली. जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आधीच घरी पाठवलं होतं आणि नव्या कंपनीत सुमारे ६१ टक्के हिस्सा सरकारकडे आला. २०१३ च्या अखेरीस शेवटचे शेअर विकले तेव्हा सरकारचे १० अब्ज डॉलरहून जास्त बुडाले होते, हेही खरं. पण कारखाने चालू राहिले आणि ज्यांनी जुगार खेळला त्यांना काही फुकट मिळालं नाही.

याउलट एआयजी, अमेरिकी सरकारने वाचवलेली विमा कंपनी. तिथे सरकार शेवटी फायद्यात राहिलं, म्हणून तो सौदा चांगला, असं नेहमी ऐकवलं जातं. मला तोच जास्त खटकतो. या विमा कंपनीकडून ज्या बड्या बँकांचं येणं होतं, त्यांना सरकारी पैशातून डॉलरमागे पूर्ण डॉलर मिळाला. दिवाळखोरीत घेणेकऱ्यांना घासाघीस करावी लागते, इथे एक सेंटही सोडावा लागला नाही. त्यामुळे 'मदत द्यावी का' याआधी मी विचारेन, नुकसान नक्की कोणी सोसलं?